चौथा सेकंद आणि सहावा फाऊल: आशियाई चषक फुटसाल कसा पाहावा

फुटसाल म्हणजे छपराखालच्या कोर्टवर पाच-पाच जणांच्या संघांनी खेळायचा फुटबॉल. पुरुषांच्या राष्ट्रीय संघांची पहिली आशियाई फुटसाल स्पर्धा १९९९ मध्ये क्वालालंपूरला झाली. अंतिम सामन्यात इराणने दक्षिण कोरियाला ९-१ असं हरवलं. तेव्हापासून २०२४ पर्यंत ही स्पर्धा १७ वेळा खेळली गेली आणि जेतेपद फक्त दोन देशांकडे गेलं: इराणकडे १३ वेळा, जपानकडे ४ वेळा. मैदानी फुटबॉलमधला आशियाई चषक सौदी अरेबिया, दक्षिण कोरिया, इराक, ऑस्ट्रेलिया, कतार असा हात बदलत राहिला. छपराखालचा चषक मात्र या दोघांच्या बाहेर गेला नाही.

असं का, हे समजायला आधी खेळ कळायला हवा. पहिल्यांदा फुटसाल पाहणारा बहुतेक माणूस चेंडूकडे बघतो. जाणकाराची नजर चेंडूइतकीच गुणफलकावरही असते, कारण तिथे गोलांच्या शेजारी आणखी दोन गोष्टी दिसतात: उरलेला वेळ आणि प्रत्येक संघाचे फाऊल. सामना बऱ्याचदा या दोन आकड्यांवरच फिरतो.

टर्फवरचा खेळ आणि फुटसाल

मुंबई, ठाणे, पुणे इथे 'फुटसाल खेळायला जातोय' म्हटलं की बहुतेक वेळा टर्फ बुक केलेलं असतं. कृत्रिम गवत, चारी बाजूंना जाळी, पाच किंवा सहा जणांचे संघ. खेळ छान आहे, पण त्याला फाइव्ह-अ-साइड म्हणणं जास्त बरोबर. जाळीला लागून परत आलेला चेंडू अनेक टर्फवर चालू धरतात, चेंडू नेहमीचा पाच नंबरचा असतो आणि फाऊल कोणी मोजत नाही. या तिन्ही गोष्टी बदलल्या की खेळच बदलतो.

आंतरराष्ट्रीय फुटसालचं कोर्ट ३८ ते ४२ मीटर लांब आणि २० ते २५ मीटर रुंद असतं. मोठ्या स्पर्धांत ते ४० बाय २० असतं, म्हणजे हँडबॉलच्या कोर्टाएवढं. जमीन लाकडी किंवा सपाट कृत्रिम आच्छादनाची, गवताची नाही. भिंत किंवा जाळी खेळात नसते, रेषा असते. चेंडू चार नंबरचा: परिघ ६२ ते ६४ सेंटिमीटर, वजन ४०० ते ४४० ग्रॅम. म्हणजे वजनाला जवळपास मोठ्या चेंडूएवढाच, पण आकाराने लहान आणि उसळी कमी. दोन मीटर उंचीवरून सोडला तर पहिली उसळी ५० ते ६५ सेंटिमीटरच्या आत राहायला हवी. त्यामुळे चेंडू जमिनीला चिकटून पळतो आणि खेळाडू तो बुटाच्या तळव्याने थांबवतात. मैदानी फुटबॉलमधून आलेला खेळाडू पायाच्या आतल्या बाजूने चेंडू घेतो. चेंडू अर्धा मीटर पुढे सरकतो आणि तेवढ्यात समोरचा तो काढून घेतो. टर्फवर हा अर्धा मीटर खपून जातो.

इथे जागाच नसते. ४० बाय २० च्या कोर्टात १० जण म्हणजे माणशी ८० चौरस मीटर. १०५ बाय ६८ च्या फुटबॉल मैदानात २२ जणांना प्रत्येकी सुमारे ३२५ चौरस मीटर मिळतात. गोलही लहान, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. चांगला गोलकीपर पाय फाकवून, हात पसरून पुढे आला की शूट करायला फट उरत नाही. म्हणून फुटसालमधले बरेच गोल लांबून मारलेल्या शॉटवर होत नाहीत. ते लांबच्या पोस्टपाशी, मारलेल्या चेंडूला नुसता पाय लावून होतात. इकडे शॉट मारला जातो, तिकडे दुसरा खेळाडू आधीच दुसऱ्या पोस्टजवळ पोचलेला असतो. पहिल्यांदा पाहताना हा दुसरा माणूस कुठून आला ते कळत नाही. पुढच्या सामन्यात मुद्दाम त्याच्यावरच नजर ठेवावी.

घड्याळ

सामना २० मिनिटांचे दोन भाग. चेंडू बाहेर गेला किंवा शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं, म्हणून ४० मिनिटांचा सामना दीड तासाच्या आसपास जातो. टाचा दुखतायत म्हणून पडून राहण्याने काहीही मिळत नाही. वेळ काढायचा असेल तर चेंडू स्वतःकडे ठेवूनच काढावा लागतो, आणि नेमका तिथेच चार सेकंदांचा नियम येतो.

किक-इन (बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू पायाने आत आणणं), कॉर्नर, फ्री किक आणि गोलकीपरने चेंडू पुन्हा खेळात आणणं, हे सगळं चार सेकंदांत व्हायला हवं. पंच हात वर करून बोटांनी सेकंद मोजतात. किक-इनला उशीर झाला तर ती समोरच्या संघाला मिळते. कॉर्नरला झाला तर चेंडू समोरच्या गोलकीपरकडे जातो. गोलकीपरने स्वतःच्या अर्ध्या भागात चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू ठेवला, मग तो हातात असो वा पायाखाली, तर अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल करता येत नाही अशी.

याला जोडून गोलकीपरवर आणखी एक बंधन आहे, आणि नव्या प्रेक्षकाचा सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. गोलकीपरने एकदा चेंडू सोडला की सहकाऱ्याने तो मुद्दाम परत दिला तर स्वतःच्या अर्ध्या भागात त्याला तो पुन्हा घेता येत नाही. मध्ये प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श व्हावा लागतो. समोरच्या अर्ध्या भागात मात्र तो हवा तितका वेळ खेळू शकतो. म्हणूनच पायाने चांगला खेळणारा गोलकीपर मध्यरेषेपलीकडे येऊन पास मागताना दिसतो. तो हौसेने पुढे आलेला नसतो. नियमाने त्याला तिथेच मोकळीक दिलेली असते.

प्रत्येक भागात संघाला एक मिनिटाचा एक टाइम-आउट मिळतो. पहिल्या भागातला वापरला नाही तर तो पुढे जमा होत नाही, आणि जादा वेळेत टाइम-आउट नसतोच. त्यामुळे शेवटची दोन मिनिटं आणि एक टाइम-आउट शिल्लक, ही प्रशिक्षकासाठी मोठी ठेव असते. पहिल्या भागातला टाइम-आउट न वापरता सोडणारे प्रशिक्षकही दिसतात. ते फुकट मिळणारं एक मिनिट घालवतात, एवढंच.

फाऊलचा हिशेब

फुटसालचा आत्मा कुठे असेल तर तो इथे आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

ज्या चुकीवर प्रत्यक्ष फ्री किक किंवा पेनल्टी मिळते ती प्रत्येक चूक संघाच्या खात्यात जमा होते: ढकलणं, ओढणं, पाय घालून पाडणं, हाताने चेंडू अडवणं. खेळाडू कोणताही असो, खातं संघाचं. पंचांनी खेळ पुढे चालू दिला, म्हणजे ॲडव्हांटेज दिला, तरी नंतर तो फाऊल मोजला जातो. चार सेकंदांच्या उशिरासारख्या अप्रत्यक्ष फ्री किकच्या चुका या खात्यात धरत नाहीत.

पाच फाऊलपर्यंत बचाव करणाऱ्यांना भिंत उभी करता येते. सहाव्या फाऊलपासून पुढच्या प्रत्येक फाऊलला भिंतीशिवाय थेट किक मिळते. ती गोलपासून १० मीटरवरच्या दुसऱ्या पेनल्टी ठिपक्यावरून मारली जाते. फाऊल त्याहून गोलच्या जवळ, पण पेनल्टी क्षेत्राबाहेर झाला असेल तर १० मीटर की फाऊलची जागा, हे मारणारा संघ ठरवतो. गोलकीपर चेंडूपासून निदान पाच मीटर लांब आणि आपल्या पेनल्टी क्षेत्रात राहतो. बाकीचे सगळे चेंडूच्या मागे. ताशी ९० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू १० मीटर अंतर ०.४ सेकंदात कापतो. म्हणून अनुभवी गोलकीपर रेषेवर थांबत नाहीत. पुढे येऊन कोन लहान करतात.

मध्यंतरानंतर खातं पुन्हा शून्यावर येतं. पण सामना जादा वेळेत गेला तर दुसऱ्या भागातले फाऊल तसेच पुढे चालू राहतात. बाद फेरीत ही गोष्ट फार महागात पडते. ३८ व्या मिनिटाला चार फाऊल असलेला संघ बरोबरी टिकवायला दोन 'हुशार' फाऊल करतो. पाचवा पचतो, सहाव्याला १० मीटरची किक. ती वाचली तरी पुढची १० मिनिटं, म्हणजे पाच-पाच मिनिटांचे जादा वेळेचे दोन्ही भाग, प्रत्येक फाऊलला तीच किक देत काढावी लागतात.

आता चांगले संघ याचा वापर कसा करतात ते पाहा. फुटसालमध्ये गोलकीपर सोडून चौघे. सर्वांत मागचा तो फिक्सो, दोन बाजूंना खेळणारे दोघे, त्यांना 'आला' म्हणतात, आणि समोरच्या गोलकडे पाठ करून उभा राहणारा पिव्हॉट. नावं पोर्तुगीज-स्पॅनिश भाषांतून आली आहेत, कारण खेळच तिकडचा: १९३० मध्ये माँटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी यांनी तो सुरू केला, आणि 'फुटसाल' हा शब्द 'दालनातला फुटबॉल' अशा अर्थाच्या शब्दांचा संक्षेप आहे. पिव्हॉटला पास गेला की त्याच्या पाठीशी बचावपटू चिकटलेला असतो. पिव्हॉट चेंडू तळव्याखाली धरतो, अंग टेकवतो आणि वळण्याचा आव आणतो. बचावपटूने घाई केली की फाऊल. पहिल्या आठ मिनिटांत असे तीन फाऊल मिळवले की समोरच्या संघाला दाबून खेळणं सोडावं लागतं, आणि मग पुढची १२ मिनिटं मैदान मोकळं मिळतं. गोल १७ व्या मिनिटाला होतो, पण त्याची तयारी पाचव्या मिनिटाला झालेली असते. इराणचा खेळ वर्षानुवर्षं या ताकदवान पिव्हॉटभोवती उभा राहिला आहे.

लाल कार्डाचा नियमही वेगळा. बाहेर काढलेला खेळाडू परत येत नाही, पण संघ दोन मिनिटं चौघांवर खेळला की बदली खेळाडू आत आणता येतो. पाचांच्या संघाने त्याआधी गोल केला तर लगेचच. म्हणून चौघांवर आलेला संघ दोन मिनिटं गोलसमोर दाटीने उभा राहतो, आणि समोरचे घाई न करता चेंडू फिरवतात. ही दोन मिनिटंही थांबणाऱ्या घड्याळाची असतात, त्यामुळे प्रत्यक्षात चार-पाच मिनिटं जातात.

बदल्या

राखीव खेळाडू नऊपर्यंत ठेवता येतात आणि बदल्यांना मर्यादा नाही. खेळ थांबायची गरज नसते. पंचांची परवानगीही लागत नाही. अट एवढीच की बाहेर जाणारा आधी बाहेर पडला पाहिजे, आणि दोघांनीही आपल्या बाकासमोरच्या पाच मीटरच्या पट्ट्यातूनच ये-जा करायची. आत येणारा आपली बिब, म्हणजे राखीव खेळाडूने शर्टावर घातलेली वेगळ्या रंगाची बंडी, बाहेर येणाऱ्याच्या हातात देतो, हा याच अटीचा पुरावा. घाईत पाय आधी आत पडला की पिवळं कार्ड आणि समोरच्याला अप्रत्यक्ष फ्री किक.

बाक नेहमी आपण राखत असलेल्या गोलच्या बाजूला असतो. मध्यंतरानंतर बाकांचीही अदलाबदल होते. त्यामुळे चेंडू हरवला की थकलेला बाजूचा खेळाडू थेट बाकाकडे धावतो आणि ताज्या दमाचा खेळाडू बचावाला उतरतो. चांगले संघ चौघांची पूर्ण तुकडीच दोन-तीन मिनिटांनी बदलतात. एकच तुकडी सहा मिनिटं आत दिसली तर समजावं की प्रशिक्षकाचा राखीव खेळाडूंवर भरवसा नाही; आणि त्या संघाचे फाऊल पुढच्या काही मिनिटांत वाढतील, कारण दमलेला माणूस पायाऐवजी हात वापरतो.

पॉवर प्ले

मागे पडलेला संघ शेवटच्या चार-पाच मिनिटांत गोलकीपरला बाहेर काढतो आणि त्याच्या जागी पाचवा खेळाडू आणतो. त्याने गोलकीपरच्या रंगाचा पण स्वतःच्या क्रमांकाचा शर्ट घातलेला असतो. आता हल्ल्याला पाच, बचावाला चार. पण आपला गोल मोकळा.

मांडणी बहुतेक वेळा अशी: एक मागे मध्यभागी, दोन बाजूंच्या रेषांजवळ, दोन पुढे पोस्टच्या आसपास. चेंडू एका-दोन स्पर्शांत फिरवत राहायचा. चौघांची चौकट हलली आणि एका बाजूचा बचावपटू उशिरा सरकला की लांबच्या पोस्टवर पास. बिघडतं ते बहुधा तीन कारणांनी. पहिलं, मधून आडवा पास दिला जातो. तो कापला की ३० मीटरवरून मोकळ्या गोलात चेंडू जातो. दुसरं, पाचही जण जागेवर उभे राहतात आणि चेंडू नुसता घोड्याच्या नालेच्या आकारात बाहेरून फिरतो. बचावाला काहीच करावं लागत नाही. तिसरं, सुरुवातच उशिरा होते. ९० सेकंद उरल्यावर सुरू केलेल्या पॉवर प्लेमध्ये दोन-तीनच चांगले हल्ले होतात, आणि ते घाईचे असतात.

आघाडीवरचा संघही कधीकधी पाचवा खेळाडू आणतो, फक्त चेंडू राखायला. कमी ताकदीच्या संघाला मोठ्या संघाचा वेग मोडायलाही तो उपयोगी पडतो.

चषकाची रचना

२०१८ पर्यंत नाव 'एएफसी फुटसाल अजिंक्यपद' होतं (एएफसी म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघ). २०२२ ची कुवेतमधली स्पर्धा 'एएफसी फुटसाल आशियाई चषक' या नावाने झाली. सुरुवातीला, १९९९ ते २००८, ती दरवर्षी होत असे. नंतर दोन वर्षांनी. २०२० ची तुर्कमेनिस्तानला व्हायची होती, ती कोविडमुळे रद्द झाली.

मुख्य फेरीत १६ संघ, चारांचे चार गट. प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत. गुण सारखे झाले तर आशियाई स्पर्धेत आधी त्या संघांच्या आपापसातल्या सामन्यांचा निकाल पाहतात. एकूण गोलफरक त्यानंतर येतो. त्यामुळे दुबळ्या संघाला १० गोल घालण्यापेक्षा बरोबरीच्या संघाविरुद्ध मिळवलेला एक गुण अधिक मोलाचा ठरू शकतो. बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ, मग पेनल्टी.

विश्वचषक त्याच वर्षी असेल तर हीच स्पर्धा त्याची पात्रता फेरीही असते. २०१६ आणि २०२४ मध्ये असंच झालं. उपांत्य फेरी गाठली की विश्वचषकाचं तिकीट पक्कं, आणि उरलेल्या एका जागेसाठी उपांत्यपूर्व फेरीत हरलेले चौघे आपापसात खेळतात. आमच्या मते अंतिम सामन्यापेक्षा उपांत्यपूर्व सामने जास्त जीवघेणे असतात. ४० मिनिटांवर चार वर्षं ठरतात.

जपानला हे दोनदा भोवलं. स्पॅनिश प्रशिक्षक मिगेल रोद्रिगो यांच्या हाताखाली जपानने २०१२ ला दुबईत थायलंडला ६-१ हरवून आणि २०१४ ला हो ची मिन्ह शहरात इराणला पेनल्टींवर हरवून चषक सलग जिंकला. मग २०१६ मध्ये ताश्कंदला उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामशी ४-४ अशी बरोबरी, पेनल्टींवर पराभव, आणि उरलेल्या जागेच्या सामन्यातही हार. गतविजेता जपान विश्वचषकाबाहेर, व्हिएतनाम पहिल्यांदाच आत. २०२२ मध्ये जपानने कुवेतला अंतिम सामन्यात इराणला ३-२ हरवलं. २०२४ मध्ये बँकॉकला गटातूनच बाहेर, ताजिकिस्तान आणि किर्गिझस्तान पुढे. पुन्हा विश्वचषक हुकला. लहान गोल, कमी गोलकीपर-चुका आणि एखादी १० मीटरची किक, एवढ्यावर ज्या खेळात सामना पलटतो तिथे चांगला संघ एका रात्रीत बाहेर जाऊ शकतो. जपानची ताकद त्यामुळे खोटी ठरत नाही.

२०२४ च्या विश्वचषकाचा यजमान उझबेकिस्तान होता, त्यामुळे त्याची जागा आधीच पक्की. इराण, थायलंड आणि ताजिकिस्तान उपांत्य फेरीतून गेले, आणि उरलेली जागा अफगाणिस्तानने किर्गिझस्तानला हरवून मिळवली. अफगाणिस्तानचा हा पहिलाच फुटसाल विश्वचषक. अंतिम सामन्यात इराणने यजमान थायलंडला ४-१ हरवलं, तेरावं जेतेपद.

मध्य आशियाकडे जरा लक्ष द्यायला हवं. २००० ची बँकॉकमधली स्पर्धा इराणने जिंकली ती कझाकस्तानला ४-१ हरवून. कझाकस्तान २००२ मध्ये युरोपच्या संघटनेत गेला आणि २०२१ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत पोचला. लांब कडक हिवाळा आणि जागोजागी बंदिस्त क्रीडागृहं, यामुळे त्या पट्ट्यात फुटसाल रुजला. उझबेकिस्तान २००१, २००६, २०१० आणि २०१६ अशा चार अंतिम फेऱ्या खेळला, चारही हरला. २००१ ला तर ०-९.

इराणच का

इराणमध्ये गल्लीत छोटे गोल मांडून प्लास्टिकच्या हलक्या चेंडूने खेळायची जुनी रीत आहे, तिला 'गोल कूचिक' म्हणजे छोटा गोल म्हणतात. मुलं लहानपणीच अरुंद जागेत, अंग टेकवून, तळव्याने चेंडू राखायला शिकतात. त्यावर नियमित राष्ट्रीय लीग उभी राहिली. १९९२ मध्ये हाँगकाँगच्या विश्वचषकात इराण चौथा आला होता, म्हणजे आशियाई स्पर्धा सुरू व्हायच्या सात वर्षं आधीच हा संघ जगात वरच्या रांगेत होता. वाहिद शम्साई यांनी देशासाठी ३०० हून अधिक गोल केले आणि २०२४ चा आशियाई चषक त्यांच्याच प्रशिक्षणाखाली आला. खेळाडू, मग प्रशिक्षक, ही साखळी तुटली नाही, हे मला वाटतं गोलांच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. २०१६ च्या विश्वचषकात इराणने ब्राझीलला पेनल्टींवर बाहेर काढलं आणि तिसरा क्रमांक मिळवला. त्या सामन्यानंतर इराणी खेळाडूंनी ब्राझीलचा दिग्गज खेळाडू फाल्काओ याला उचलून निरोप दिला; फुटसालप्रेमी तो प्रसंग विसरत नाहीत.

जपानचा रस्ता वेगळा. तिथे एफ-लीग २००७ मध्ये सुरू झाली आणि स्पेन-ब्राझीलकडून पद्धत उचलली गेली: ठरलेला पिव्हॉट न ठेवता चौघांनी सतत जागा बदलत राहायचं. इराण अंगाने जागा तयार करतो, जपान धावेने. दोघांचा सामना पाहायला मिळाला तर पहिल्या दहा मिनिटांत फाऊल कोणाचे जास्त होतात ते पाहावं. सामना कोणाच्या पद्धतीने चाललाय ते तिथे कळतं.

भारत

भारतात २०१६ मध्ये प्रीमियर फुटसाल नावाची खासगी लीग झाली. मुंबई आणि गोव्याचे संघ होते, गोव्याकडून रोनाल्डिन्यो खेळला. गर्दी जमली, पण राष्ट्रीय संघाची वाट त्यातून तयार झाली नाही. ती वाट पुढे निघाली: अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची क्लब स्पर्धा २०२१ मध्ये दिल्लीत सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताचा संघ पहिल्यांदा आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत उतरला. तिन्ही सामने हरला. सप्टेंबर २०२५ मध्ये कुवेतला, कुवेत, ऑस्ट्रेलिया आणि मंगोलियाच्या गटात, मंगोलियावर ३-० असा पहिला विजय मिळाला. हा विजय छोटा मानू नये. फुटसालमध्ये गोल न खाता सामना संपवणं कोणालाही सोपं नसतं.

मैदानी फुटबॉलमधून आलेल्या संघाच्या चुका जगभर सारख्याच असतात. पास देऊन जागेवर थांबणं, ही पहिली. इथे पास दिल्या क्षणी तीन-चार मीटर कापत पुढे जावं लागतं, नाहीतर समोरचा एकटाच दोघांना बांधून ठेवतो. मागून येऊन पाय घालणं, ही दुसरी. मैदानात ती एक फ्री किक असते, इथे खात्यातला एक आकडा. आणि तिसरी म्हणजे दमेपर्यंत आत राहणं. टर्फवर तासभर सलग खेळायची सवय असलेल्या खेळाडूला तिसऱ्या मिनिटाला बाहेर ये म्हटलं की राग येतो. पण दोन मिनिटं पूर्ण वेगाने आणि तीन मिनिटं बाकावर, हीच या खेळाची लय आहे. लाकडी जमिनीचं, रेषा आखलेलं ४० बाय २० चं कोर्ट सरावाला मिळालं तर यातलं निम्मं आपोआप सुटतं. टर्फवर कितीही सराव केला तरी सुटत नाही.

पात्रता फेरीचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०२६ च्या इंडोनेशियातल्या स्पर्धेसाठी यजमान सोडून १५ जागा होत्या आणि गट आठ. आठ गटविजेते थेट पात्र, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या आठांपैकी सर्वोत्तम सात. म्हणजे दुसरा आलेला एकच संघ घरी जाणार. दुसऱ्या क्रमांकांची ही तुलना वेगवेगळ्या गटांतली, त्यामुळे इथे आपापसातला निकाल नसतो. आधी गुण पाहतात, मग गोलफरक. म्हणून पात्रता गटात बलाढ्य संघाविरुद्ध १-४ असं मागे असताना, चार मिनिटं उरलेली असताना, प्रशिक्षकापुढे खरा पेच उभा राहतो. पॉवर प्ले लावला तर एखादा गोल मिळेल. पण मोकळ्या गोलात तीन खाल्ले तर १-७ होतं, आणि दोन दिवसांनी दुसऱ्या गटातला कुठला तरी संघ तेवढ्याच गोलांनी पुढे निघून जातो.